कलमांचा धाक आणि कायद्याची ओळख



किशोरवयीन मुलांना कायदा कसा शिकवावा, आणि मोबाइलवर जबाबदारीने बोलावे-वागावे कसे हे त्यांना कुणी सांगावे, असा आजचा विषय आहे. सभागृहात आजी-आजोबा पुष्कळ आहेत, आई-वडील थोडे आहेत, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ती मुले जवळपास नाहीतच. या वेळी ती क्लासला असतात. एका अर्थी बरे झाले. मला जे म्हणायचे आहे ते मुलांना सुनावण्यासाठी नाही, आपल्याला सुनावण्यासाठी आहे. माझे म्हणणे असे, की आपण मुलांना कायदा शिकवतो तो धाक म्हणून, आणि धाक म्हणून शिकवलेला कायदा मुलाच्या ऐन गरजेच्या वेळी त्याच्या उपयोगी पडत नाही. तो उपयोगी पडतो त्या मुलाला धमकावणाऱ्याच्या. विधान चमत्कारिक वाटेल. म्हणून ते नुसते न टाकता, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या काही प्रसंगांच्या आधाराने ते सिद्ध करून दाखवण्याचा प्रयत्न करतो.

आधी आपण काय करतो ते पाहू. शाळेत वर्षातून एकदा ‘सायबर जनजागृती’चा कार्यक्रम असतो. आठवी ते दहावीची मुले मैदानात किंवा हॉलमध्ये बसवतात, गणवेशातले पाहुणे येतात, पडद्यावर तक्ता लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. कलम ६७, अश्लील मजकूर: ३ वर्षे, ५ लाख. कलम ६७ ब, बालकांचे अश्लील चित्रण: ५ वर्षे, १० लाख. कलम ६६ क, दुसऱ्याची ओळख वापरणे: ३ वर्षे, १ लाख. मग ‘एक क्लिक आणि आयुष्य बरबाद’ असे एखादे वाक्य, आभारप्रदर्शन, आणि वर्तमानपत्रासाठी फोटो. पाठ्यपुस्तकात काही नाही असेही नाही. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’मध्ये ‘सामाजिक आरोग्य’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात सायबर गुन्ह्यांचा उल्लेख आहे. पण परीक्षेच्या दृष्टीने त्याची किंमत एका टिपेएवढी. आता या सगळ्यातून मुलाच्या हाती काय लागते? कायदा म्हणजे वर्षे आणि लाख. पोलीस म्हणजे पकडायला येणारा. आणि आपल्या हातून काही चुकले असेल, तर तोंड मिटून बसण्यात शहाणपण आहे. हा तिसरा धडा कुणीही मुद्दाम शिकवलेला नसतो, पण नेमका तोच पक्का होतो.

कायदा म्हणजे वर्षे आणि लाख एवढेच नाही असे आपण मानले असते, तर कायदाच चुकतो तेव्हा काय होते, हे आपण मुलांना सांगितले असते. ती गोष्ट तर आपल्याच दारात घडली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, आणि त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. एकीला लिहिल्याबद्दल आणि दुसरीला अंगठा दाबल्याबद्दल! लावलेल्या कलमांत एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ, जे २००८ च्या दुरुस्तीने आले होते आणि ज्यात ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोयीचा’ संदेश पाठवणे हाही गुन्हा होता. या अटकेमुळे अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. न्यायमूर्ती नरिमन यांनी लिहिलेल्या त्या निकालात तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आहेत: एखाद्या गोष्टीची चर्चा, तिचा पुरस्कार, आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्या कितीही अप्रिय असल्या तरी त्या भाषणस्वातंत्र्यात बसतात. सुव्यवस्थेच्या नावाने कायद्याचा हात पोचतो तो तिसऱ्या पायरीशी. मला विचाराल तर नववीच्या मुलाला या तीन पायऱ्या अर्ध्या तासात समजतात. त्याच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तिन्ही पायऱ्यांची उदाहरणे रोज असतात.

आणि गंमत पाहा. म्हणजे गंमत कसली, शोकांतिकाच. कलम रद्द झाल्यावरही देशातल्या ठाण्यांमध्ये त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, रद्द झालेल्या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका, असा आदेश पुन्हा द्यावा लागला. नागरिकाला कायदा माहीत नसणे ही सबब चालत नाही, असे आपण मुलांना बजावतो. मग ठाण्याला कायदा माहीत नसला तर? पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीने मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’विषयीची एक पोस्ट पुढे टाकली, थोड्याच वेळात काढून टाकली, माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकले आणि पोलिसांनी तुरुंगात घातले. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावून तिची तत्काळ सुटका करायला लावली आणि तिला परीक्षेला बसू देण्यास सांगितले. पोस्ट शहाणपणाची होती का, हा एक प्रश्न. तिच्यासाठी तुरुंग हे उत्तर होते का, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे करता येणे, यालाच मी कायद्याचे शिक्षण म्हणतो. अर्धवट माहिती ऐकून मोठी माणसेसुद्धा हे प्रश्न एकात कालवतात. ‘ग्रुपमध्ये कुणी काही टाकले की अ‍ॅडमिन आत जातो’ हे वाक्य आपण किती ग्रुपांवर वाचले आहे? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे, की सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्याचा स्वतःचा सहभाग किंवा संगनमत दिसावे लागते.

आता माझ्या मते या विषयातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रकरणाकडे येतो, आणि त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. मे २०२०. टाळेबंदीचे दिवस, शाळा बंद, मुले घरात. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या ‘बॉइज लॉकर रूम’ नावाच्या इन्स्टाग्राम ग्रुपचे स्क्रीनशॉट बाहेर आले. ओळखीच्या मुलींचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचललेले, आणि त्यांच्या शरीरावर मुलांनी केलेली घाण शेरेबाजी. काही मुली अल्पवयीन, मुलेही अल्पवयीन. देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवला, चौकशा झाल्या, अटक झाली. पण त्याच स्क्रीनशॉटच्या गठ्ठ्यात सामूहिक बलात्काराचा बेत आखणारे एक संभाषण फिरत होते, आणि लोक सर्वाधिक हादरले होते ते त्याने. तपासात काय निघाले? ते संभाषण त्या ग्रुपमधले नव्हतेच. ते स्नॅपचॅटवरचे होते. एका मुलीने मुलाच्या नावाने खोटे खाते काढून, ओळखीचा एक मुलगा कसा वागतो हे पाहण्यासाठी तो प्रस्ताव टाकला होता, आणि त्या मुलाने तो नाकारला होता. ज्याने नकार दिला, त्याचे संभाषण देशाने गुन्हेगाराचे म्हणून वाचले. आणि त्याच दिवसांत गुरुग्राममध्ये, समाजमाध्यमावर झालेल्या एका वेगळ्या आरोपानंतर १७ वर्षांच्या एका मुलाने जीव दिला. आरोपाची तड लागायच्या आतच सगळे संपले.

या एका आठवड्यात कायदा किती ठिकाणी मोडला गेला, ते मोजून पाहा. मुलींचे फोटो घेऊन शेरेबाजी करणारे तर दोषी होतेच. खोटे खाते काढणे चूक होते. पण संतापलेल्या हजारो भल्या माणसांनी त्या मुलांची नावे, शाळा, फोटो पुढे ढकलले, त्यांचे काय? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या कोणत्याही बालकाची ओळख पटेल असे काहीही, वर्तमानपत्रातच काय, संपर्काच्या कोणत्याही साधनातून जाहीर करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे त्याला. न्याय मागणाऱ्या हातांनीच हा गुन्हा केला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवे, की त्या मुलींनी स्क्रीनशॉट चव्हाट्यावर मांडले नसते, तर त्यांची दखल घेतली कुणी असती? हा आक्षेप मला खोडता येत नाही. किंबहुना तो मला मान्यच आहे. चव्हाट्याखेरीज दुसरी जागा त्यांना ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक होती पण तिच्यावर विश्वास नव्हता. शाळेत सांगितले तर ‘तू फोटो टाकलासच कशाला’ हे ऐकावे लागते. घरी सांगितले तर फोन काढून घेतला जातो. मग उरते इन्स्टाग्रामची स्टोरी. तक्रारीची वाट बंद असली की तिची जागा बदनामी घेते, आणि बदनामीला अपील नसते.

आता माझ्या मूळ विधानाकडे या. धाक कुणाच्या उपयोगी पडतो? फोटोवरून धमकावणाऱ्याची पद्धत आज साऱ्यांना ठाऊक आहे. ओळख वाढवायची, खासगी फोटो मिळवायचा, किंवा साध्या फोटोवरून एआयच्या मदतीने नग्न फोटो बनवायचा, आणि मग पैसे किंवा आणखी फोटो मागायचे. या धंद्याचे भांडवल काय? तो फोटो? नाही. फोटोने एकट्याने काही होत नाही. भांडवल आहे मुलाच्या मनातली भीती: आई-बाबांना कळेल, शाळेत कळेल, पोलीस मलाच पकडतील. यांतली तिसरी भीती आपण त्याला शाळेच्या हॉलमध्ये, तक्ता लावून, टाळ्यांच्या गजरात दिलेली असते. धमकावणारा हीच वाक्ये वापरतो. ‘तूही गुन्हा केला आहेस, कलम ६७ माहीत आहे ना?’ असे तो विचारतो, आणि मुलाला माहीत असते! जनजागृतीचा असा उपयोग झालेला आपल्याला परवडणार आहे का?

तेव्हा शिकवण्याचा क्रम उलटा करायला हवा. आधी कायदा तुझ्यासाठी काय करतो हे, आणि मग तो तुला काय करू देत नाही हे. पहिल्या भागात सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते फारसे कुणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये, आणि आधी भारतीय दंड संहितेतही, एक स्पष्टीकरण आहे: स्त्रीने खासगी चित्र काढायला संमती दिली असली, तरी ते तिसऱ्याला दाखवायला तिची संमती नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार ठरतो. ‘तिनेच पाठवला होता’ हा बचाव चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई खासगी अवयवांचे चित्र संमतीवाचून काढणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला लागू होते. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदाही, जो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे, मुलग्यांना मुलींइतकेच संरक्षण देतो. मुलग्यांना तर हे सांगायलाच हवे, कारण आपल्यासाठी कायदाच नाही अशी त्यांची समजूत असते. त्याच पॉक्सोच्या कलम २४ नुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात नसताना. बालकाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बालकाला घरच्या उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळतो. धमकावला गेलेला १५ वर्षांचा मुलगा रात्री एक वाजता छताकडे बघत पडलेला असतो, तेव्हा शिक्षेचे आकडे त्याला आठवून काय करायचे? त्याला आठवायला हवी ती गणवेशाविना घरी येणारी उपनिरीक्षक.

आणि मग व्यवहार. तोही बारीकसारीक तपशिलांसह सांगायला हवा, कारण चूक तपशिलात होते. घाबरलेला मुलगा पहिल्यांदा चॅट डिलीट करतो, अकाउंट बंद करतो; पुरावा जातो आणि धमकावणारा मोकळा राहतो. पैसे देऊ नयेत, कारण मागणी एका हप्त्यावर थांबत नाही. संभाषण, खात्याचे नाव, लिंक, पैसे मागितलेला यूपीआय आयडी हे जपून ठेवावे. पण इथेच एक खाच आहे. पुरावा म्हणून अल्पवयीन व्यक्तीचा तसा फोटो कुणालाही पाठवू नये. शिक्षिका कळवळून म्हणतात, ‘मला पाठव, मी बघते.’ पाठवणे हेच कायद्याने प्रसारण आहे, आणि मग तो फोटो आणखी एका फोनवर जातो, शिक्षकांच्या ग्रुपवर जातो. फोन हातात घेऊन बघावा, तो पुढे सरकवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि बालकांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत. नग्न किंवा बनावट चित्राची तक्रार आली की समाजमाध्यमांनी ते काढायलाच हवे, आणि २०२१ च्या नियमांनी त्यासाठी २४ तासांची मुदत घातली होती. ‘टेक इट डाउन’ नावाची सेवा १८ वर्षांखालील व्यक्तीच्या फोटोचा केवळ अंकांतला ठसा तयार करून तो सेवेत सहभागी असलेल्या माध्यमांना देते. फोटो फोनबाहेर जात नाही. यातले किती तुमच्या नातवंडाला माहीत आहे? आणि किती तुम्हाला?

दुसरा भाग, म्हणजे कायदा काय करू देत नाही, हा मी टाळतो आहे असे कुणी समजू नये. जबाबदारी शिकवायची तर तिचे सगळ्यात जड उदाहरण आपल्या राज्यातले आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्याआधी काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर मूळचा कराचीतला, मुलांची काळजी घ्या असे सांगणाऱ्या जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. पळवलेले मूल परत आणून दाखवणारा शेवट कापून तो पसरवला गेला. ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांतल्या बहुतेकांनी तो काळजीपोटी पाठवला असणार. कुणाला खून करायचा होता? कुणालाच नाही. पाच माणसे मात्र मेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने जे केले ते मनाने करायला शिकवणे, म्हणजे पाठवण्याआधी थांबणे, हे शिक्षणाचे काम. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले; स्टेटसवरून पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. स्टेटस २४ तासांत पुसले जाते. त्यावरून नोंदलेला गुन्हा पुसला जात नाही, आणि फुटलेल्या दुकानाच्या काचा तर नाहीच. इथे मुलांना विचारायचे ते हेच: यात चर्चा कोणती, पुरस्कार कोणता आणि चिथावणी कुठे सुरू झाली? ती कुणी दिली, स्टेटस ठेवणाऱ्याने की रस्त्यावर उतरा म्हणणाऱ्याने? वर्गात मतभेद होतील. व्हायलाच हवेत.

काही आक्षेप उरतात. पहिला आक्षेप अर्थातच हा, की एवढा खटाटोप कशाला, फोनच काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली, आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. दंड मुलांना नाही, कंपन्यांना आहे, हे त्या कायद्यातले शहाणपण. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. मी अशा कायद्यांच्या विरोधात नाही. पण बंदीचा वयाचा आकडा ओलांडला की दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात सगळे येणार, ते कोणत्या तयारीने? शिवाय आपल्याकडे अनेक मुले समाजमाध्यमावर पहिले पाऊल टाकतात ते जन्मसाल खोटे लिहून, आणि ते सालही कित्येकदा बाबांनीच लिहून दिलेले असते. हौसेने! ज्या घरात नियम मोडून सुरुवात होते, तिथे बंदी किती दिवस टिकेल?

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. मुलांना बाल न्यायाचा कायदा सांगितला, की ‘अठराच्या आत काही होत नाही’ हे त्यांना कळेल आणि ती मोकाट सुटतील. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले, आणि १७ वर्षांच्या आरोपीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हापासून हा आक्षेप घराघरात आहे. त्या आदेशाचा संताप मलाही समजतो. पण त्यावरून जी समजूत पसरली, ती खोटी आहे. ७ वर्षांखालच्या बालकाचेच कृत्य कायदा सरसकट गुन्हा मानत नाही. ७ ते १२ मध्ये समज किती आहे ते पाहिले जाते. १४ वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभे राहावे लागते, आणि ते मंडळ समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेख, तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, असे आदेश देऊ शकते. १६ ते १८ वयात गुन्हा घृणास्पद असेल, तर प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का याचीही तपासणी होते. शिवाय सिम कार्ड आई-वडिलांच्या नावावर असते. पोलीस पहिल्यांदा दार वाजवतात ते त्यांचे. अज्ञानातली मुलेच ‘काही होत नाही’ म्हणतात. कायदा शिकलेला मुलगा तसे म्हणत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. मुलाने विश्वासाने सांगितले, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे शिक्षकाला पोलिसांना कळवावेच लागते. लपवले तर त्यालाच शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. मग मुले सांगतील कशी? त्यातून दोन सतरा वर्षांची मुले आपसांत, राजीखुशीने काही पाठवत असतील, तर कायदा दोघांनाही एकाच वेळी पीडित आणि आरोपी करू शकतो, कारण १८ च्या आतली संमती तो मानत नाही. हा कायद्याचा बोथटपणा आहे, आणि तो झाकून शिकवणे लबाडी होईल. ब्रिटनने यावर २०१६ पासून एक वाट काढली: अशा प्रकरणाची पोलिसांत नोंद होते, पण जबरदस्ती किंवा शोषण नसेल तर सार्वजनिक हिताचा विचार करून पुढे कारवाई केली जात नाही. आपल्याकडे तशी सोय व्हावी असे माझे मत आहे. ती होईपर्यंत शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गाला सांगावे, की काही गोष्टी मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, त्या मला कळवाव्या लागतात, आणि कळवल्यावर पुढे काय होते तेही सांगतो. विश्वास अशाने वाढतो. ‘कुणाला सांगणार नाही’ असे आश्वासन देऊन मग सांगणे, याने तो कायमचा जातो. आणि ‘नको ते मुलांच्या डोक्यात भरेल’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच, की २३ सप्टेंबर २०२४ च्या, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली आहे. डोक्यात भरायचे ते फोनने कधीच भरले आहे.

वेळ संपत आला, तेव्हा सभागृहात बसलेल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे. यंदाचा जनजागृतीचा कार्यक्रम रद्द करा. त्याऐवजी नववीच्या प्रत्येक तुकडीला महिन्यातून एक तास द्या, चाळीस-पन्नास मुलांचा. तक्ता लावू नका. एक खरे प्रकरण घ्या, नावे काढून टाका, आणि मुलांनाच बाल न्याय मंडळ बनवा: एक दंडाधिकारी, दोन समाजसेवक, त्यांत एक स्त्री असायलाच हवी. पालघरचे घ्या, राईनपाड्याचे घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र लिहा, ते वकील पाठवतात. तुमच्या ठाण्याचा बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारून घ्या, आणि त्याला साध्या कपड्यांत, घटना घडायच्या आधी, एकदा शाळेत बोलवा. आणि घरच्यांनो, उद्या कौटुंबिक ग्रुपवर कुठल्या अल्पवयीन आरोपीचा फोटो आला, तर तो पुढे पाठवू नका; कुणी विचारले तर कलम ७४ सांगा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे. तो दिवसरात्र चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मूल स्वतः फोन करू शकते.